वस्तीतल्या मुलींचे खेळणे कुठे थांबते? किशोरवयीनांचे शरीर, रंग आणि विहाराचे अंगण

पालकसभेत किशोरवयीन मुलांचा विषय काढला की पहिले वाक्य ठरलेले असते, "पोरं मोबाईलमधून डोकं वर काढत नाहीत." दुसरे वाक्य मुलींबद्दल असते, "आमची तर घरातच असते, तिचा काही त्रास नाही." पहिल्या वाक्यात तक्रार आहे, दुसऱ्यात समाधान. पण मुलगा आणि मुलगी दोघेही सारखेच बसून आहेत, हे सभेत कुणी म्हणत नाही.

आम्ही पुण्यातील वस्त्यांमध्ये सहावी ते बारावीच्या मुलामुलींसोबत काम करतो. बहुतेक घरे बौद्ध, आई घरकामाला किंवा कचरा वेचायला, वडील रंगकाम, हमाली, रिक्षा यांपैकी कशात तरी. मोबाईल हे कारण आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण मोबाईलला दोष दिला की आपण मोठी माणसे मोकळी होतो. मुले खेळत नाहीत यामागे जागा, वेळ आणि कपडे ही कारणे आहेत, आणि त्याही मागे शरीराची लाज आहे. या लाजेबद्दल आपल्या समाजात फारसे बोलले जात नाही, म्हणून हा लेख मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

आधी थोडी माहिती. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार 5 ते 17 वर्षांच्या मुलामुलींना रोज सरासरी 60 मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी. आठवड्यातून किमान 3 दिवस त्यात जोरकस खेळ आणि स्नायू व हाडे बळकट करणारी हालचाल असावी. धावणे, दोरीवरच्या उड्या, कबड्डी, खो-खो, नाच, सगळे यात येते. 2019 साली 'द लॅन्सेट चाइल्ड अँड अडोलसंट हेल्थ' या नियतकालिकात 146 देशांतील शाळकरी मुलांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 2016 साली जगातली 81 टक्के किशोरवयीन मुले एवढी हालचाल करत नव्हती. मुलग्यांमध्ये हे प्रमाण 78 टक्के, मुलींमध्ये 85 टक्के. भारताचा आकडा 74 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जगापेक्षा थोडा बरा निघाला.

तो बरा का निघाला याचे अभ्यासकांनी सुचवलेले संभाव्य कारण वाचताना आम्ही थबकलो. मुलग्यांसाठी त्यांनी क्रिकेटचे नाव घेतले आणि मुलींसाठी घरकामाचे. नळावरून हंडे आणणे, फरशी पुसणे, लहान भावाला कडेवर घेऊन जिने चढणे, हे सगळे हालचालीच्या हिशेबात जमा होते. शरीर दमते हे खरे. पण त्या दमण्यात मुलीचे स्वतःचे काही नसते. खेळताना मैत्रिणी असतात, हसणे असते, हरणे-जिंकणे असते, आपल्या हातापायांत किती बळ आहे याचा शोध असतो. हंडा उचलताना यातले काही नसते. त्यामुळे "आमची दिवसभर कामच करते, तिला वेगळा खेळ कशाला?" असे एखादी आई म्हणते तेव्हा तिचा हिशेब मिनिटांपुरता बरोबर असतो.

या वयात हालचालीला इतके महत्त्व का, हेही थोडक्यात सांगायला हवे. हाडांची मजबुती बहुतांशी विशीच्या आतच जमा होते. पुढे आयुष्यभर तीच पुंजी वापरायची असते. नियमित खेळणाऱ्या मुलांना झोप चांगली लागते, मनावरचा ताण आणि उदासी कमी व्हायला मदत होते. आणि याच वयात शरीर झपाट्याने बदलत असते. मुलींची उंची मुलग्यांच्या साधारण दोन वर्षे आधी वाढू लागते, कंबर रुंदावते, अंगावर चरबी चढते. ती चढणे हा निरोगी वाढीचाच भाग आहे. मुलग्यांचे हातपाय आधी लांब होतात, खांदे आणि स्नायू मागून भरतात, म्हणून तेराचौदा वर्षांचा मुलगा काही काळ काडीसारखा दिसतो. दोन्ही गोष्टी निसर्गक्रमाने घडतात. पण नेमक्या याच दोन-तीन वर्षांत नातेवाईक, शेजारी आणि वर्गमित्र मुलांना नवी नावे ठेवतात. जाडी, बटाटा, सुकट, काळू. लग्नाच्या मांडवात मावशी सगळ्यांसमोर म्हणते, "अगं, किती काळवंडलीस!" मावशीच्या मनात वाईट नसते. मुलगी मात्र पुढच्या लग्नाला यायला नकार देते.

मुली खेळ सोडतात तो काळ आम्ही जवळून पाहतो. सहावीत मैदानावर पंधरा-वीस मुली असतात, आठवीत चार-पाच उरतात. पाळी सुरू झालेली असते. शाळेचे शौचालय वापरण्याजोगे नसते, डाग पडेल ही भीती असते. छाती वाढलेली असते आणि धावताना ती हलते, म्हणून मुलगी ओढणी धरून धावते आणि मग धावणेच सोडते. चांगल्या आधाराचे अंतर्वस्त्र घेऊन द्यावे हे घरात कुणाला सुचत नाही, कारण तो विषयच निघत नाही. मैदानाच्या कठड्यावर बसलेली मुले काहीतरी बोलतात. घरी कळले तर मैदान बंद होईल म्हणून मुलगी घरी सांगत नाही.

यात आणखी एक अदृश्य कारण आहे, रक्ताचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) देशातील 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींमध्ये आणि 31 टक्के मुलग्यांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तक्षय असलेल्या मुलीला दोन फेऱ्यांत धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते. तिला आपण आळशी म्हणतो. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहगोळी मळमळते म्हणून मुली दप्तराच्या कप्प्यात लपवतात. ही गोळी जेवणानंतर घ्यायची असते आणि तिच्या आगेमागे चहा प्यायचा नसतो, एवढे जरी कुणी नीट सांगितले तरी फरक पडतो.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलू. आपल्या घरांमधले स्वस्त आणि चांगले प्रथिन एकेक करून हिरावले गेले आहे. 2015 च्या कायद्याने राज्यात गोवंशाच्या मांसावर बंदी आली. शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू झाले होते, त्याचा निधी शासनाने 2025 च्या सुरुवातीला थांबवला. आणि मग याच मुलांच्या अशक्तपणावर भाषणे होतात. डब्यात सुकट किंवा बोंबील आणला म्हणून वर्गात नाक मुरडले गेल्याच्या गोष्टी आम्हाला मुले सांगतात. त्यानंतर तो मुलगा डबाच नेत नाही. सुकट, अंडी, शेंगदाणे, हरभरे, मटकी हे उत्तम अन्न आहे, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही, हे मुलांना घरातून ऐकू यायला हवे.

रंगाचा प्रश्न जातीचाही आहे

शरीराची लाज सगळ्याच समाजांतल्या किशोरवयीनांना असते. मग आपल्या मुलांचे वेगळे काय? आमच्या मते फरक एका वाक्यात पकडता येतो. कॉलेजात गेलेल्या, थोड्या उजळ रंगाच्या मुलीला मैत्रीण कौतुकाने म्हणते, "अगं, तू त्यांच्यातली वाटतच नाहीस!" आणि सावळ्या मुलीला हे वाक्य कुणी म्हणत नाही. दोघीही त्यातून एकच गोष्ट शिकतात: शरीरावर जात लिहिलेली असते आणि ती पुसता आली तर बरे. चेहऱ्याला लावायच्या क्रीमच्या ट्यूबमागे हे दडलेले आहे.

शरीराला जात चिकटवण्याची ही रीत जुनीच आहे. अस्पृश्यता म्हणजे मुळात शरीराबद्दलचाच नियम होता. कुणाला शिवायचे, कुणाची सावली टाळायची, कुणी काय नेसायचे. पुण्यात वाढलेले, अस्पृश्य मानलेल्या समाजातून आलेले पळवणकर बाळू हे त्यांच्या काळातले मोठे फिरकी गोलंदाज. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 100 हून अधिक बळी घेतले. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सवर्ण खेळाडूंना चालत होता, चहा मात्र त्यांना बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई. आणि हे सगळे इतिहासजमा झाले म्हणावे, तर 2021 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारतीय महिला हॉकी संघ उपांत्य सामना हरल्यावर वंदना कटारिया यांच्या हरिद्वारजवळच्या घरासमोर फटाके फोडून जातिवाचक शिवीगाळ झाल्याची तक्रार त्यांच्या कुटुंबाला करावी लागली. त्याच स्पर्धेत त्यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते.

बाबासाहेबांना हे नेमके कळले होते. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या परिषदेत जमलेल्या स्त्रियांना त्यांनी लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे जड दागिने बदलायला सांगितले, कारण त्यांवरून अस्पृश्यतेची ओळख पटत असे. स्त्रियांनी ते लगेच मनावर घेतले. ओळखीची सक्तीची खूण झुगारून देणे, हा त्या सांगण्याचा गाभा होता. आज आपण त्याचा अर्थ उलटा तर लावत नाही ना? कपडा बदलता येतो, कातडी बदलता येत नाही. ती बदलायला लावणारा बाजार म्हणजे नवी सक्तीच आहे. 1975 साली आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने 2020 मध्ये नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला; घरातल्या बोलण्यातला 'गोरी' शब्द मात्र तसाच राहिला.

याहून गंभीर बाब म्हणजे मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या स्टेरॉइडयुक्त मलमांची. खाज-नायट्यासाठीचे मलम मुली रंग उजळतो म्हणून महिनोन्महिने चेहऱ्याला लावतात. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरुमे आणि लव वाढते, आणि मलम सोडले की चेहरा भाजल्यासारखा होतो. ही मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी नाही. वापर सुरू असेल तर ओरडून मलम फेकून देण्यापेक्षा मुलीला सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोग विभागात घेऊन जावे.

आणि एक गोष्ट आपल्याच दारातली. बौद्ध वधू-वर परिचय मेळाव्यांचे फॉर्म काढून पाहा. शिक्षण, नोकरी, उंची आणि मग 'रंग: गोरा / गव्हाळ / सावळा'. मंचावर बुद्धवंदना होते, जातीअंताची भाषणे होतात आणि खाली टेबलावर हा रकाना भरला जातो. मुलगी पंधरा वर्षांची असताना मोठ्या बहिणीचा फॉर्म तिच्यासमोर भरला जातो, तेव्हा ती काय शिकत असेल? हा रकाना काढून टाकायला कुठलाही कायदा लागत नाही, आयोजकांची एक बैठक पुरते.

मुलग्यांचे दंड आणि भरतीची टेप

मुलग्यांच्या बाबतीत शरीराची लाज वेगळ्या रूपात येते. आपल्या वस्त्यांमध्ये पोलीस भरती हे मोठे स्वप्न आहे, आणि ते रास्तही आहे. शिपाई पदासाठी मुलग्यांना 165 सेंटीमीटर उंची, 79 सेंटीमीटर छाती आणि फुगवून 5 सेंटीमीटर जास्त लागते. 1600 मीटर धावणे, 100 मीटर आणि गोळाफेक अशी 50 गुणांची मैदानी परीक्षा असते. मुलींना 1600 ऐवजी 800 मीटर धावायचे असते. भरतीमुळे एक चांगली गोष्ट झाली, ज्या घरात मुलीला ट्रॅक पँट घालून बाहेर जाऊ देत नव्हते तिथे बापच तिला पहाटे मैदानावर सोडायला येतो. नोकरीसाठी धावायला परवानगी आहे, आनंदासाठी अजून नाही. हा फरक आम्हाला खुपतो, तरी सुरुवात म्हणून आम्ही त्याचे स्वागतच करतो.

पण टेपने मोजले जाणारे शरीर लवकरच स्वतःच्या नजरेतही टेपने मोजले जाऊ लागते. सोळा वर्षांचा मुलगा जिममध्ये जातो, सोबतचा मोठा मुलगा आधी पावडरचा डबा सुचवतो, मग 'कोर्स'. कोर्स म्हणजे स्टेरॉइडची इंजेक्शने किंवा गोळ्या. वाढीच्या वयात यांचा परिणाम उलटा होतो: हाडांची टोके वेळेआधी जुळून उंची वाढणे थांबू शकते, वृषणे लहान होऊ शकतात, चिडचिड आणि रक्तदाब वाढतो. ज्या मुलाला 165 सेंटीमीटर गाठायचे आहेत त्याच्यासाठी याहून वाईट सौदा नाही. पावडरच्या एका डब्याच्या पैशांत काही महिने रोज दोन-दोन अंडी आणि मूठभर शेंगदाणे येतात, हा हिशेब मुलांसमोर फळ्यावर मांडला तर त्यांना तो पटतो. उपदेश पटत नाही.

बुद्धांनी शरीराकडे कसे पाहिले

विहारात किशोरवयीनांची शिबिरे होतात तेव्हा धम्म आणि शरीर यांचा संबंध बहुधा 'शरीर नाशवंत आहे' एवढ्यावर संपतो. पिटकात यापेक्षा खूप जास्त आहे. सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तात बुद्ध सांगतात की गवत, झाडे, किडे, पक्षी, मासे यांच्यात जातीजातीची वेगळी चिन्हे असतात. माणसात मात्र केस, डोळे, नाक, ओठ, वर्ण, आवाज यांपैकी कशातही तशी जन्माची खूण नसते. "तू त्यांच्यातली वाटत नाहीस" या वाक्याला यापेक्षा थेट उत्तर आम्हाला माहीत नाही. संयुत्तनिकायात लकुण्टक भद्दिय या ठेंगण्या, कुरूप समजल्या जाणाऱ्या भिक्खूची गोष्ट आहे. इतर भिक्खू त्यांना तुच्छ लेखत. बुद्धांनी त्यांच्याकडे बोट दाखवून सर्वांना सांगितले की हा मोठ्या सामर्थ्याचा भिक्खू आहे. टिंगल करणाऱ्यांना बुद्धांनी असे संघासमोर गप्प केले, हा भाग मुलांना फार आवडतो.

चालण्याबद्दलही पिटकात स्वतंत्र सुत्त आहे. अंगुत्तरनिकायात चंकमणाचे, म्हणजे येरझाऱ्या घालत सजगपणे चालण्याचे, पाच फायदे दिले आहेत: प्रवासाची ताकद, साधनेची ताकद, निरोगीपणा, अन्नाचे पचन आणि टिकाऊ समाधी. पाचांपैकी बहुतेक फायदे सरळ शरीराचे आहेत. अति खाऊन धापा टाकणाऱ्या पसेनदी राजाची गोष्टही प्रसिद्ध आहे. बुद्धांनी त्याला मापाने खाण्याबद्दलची एक गाथा दिली, ती राजाने जेवताना आठवण म्हणून म्हणवून घेतली आणि हळूहळू त्याचे खाणे कमी झाले. हिणवणे नाही, उपाशी ठेवणे नाही. कठोर उपासाने हाडांचा सापळा झालेल्या सिद्धार्थाने तो मार्ग सोडला, हे तर आपल्याला पाठ आहे. 'डाएट' म्हणून दुपारचे जेवण टाळणाऱ्या मुलीला ते कुणी सांगत नाही एवढेच.

एक सावधगिरी मात्र हवी. शरीराच्या बत्तीस भागांची अशुभ भावना ही आसक्ती सोडवण्यासाठीची साधना आहे. जी मुलगी आधीच आरशात पाहून स्वतःची किळस करते, तिला तीच भावना शिकवणे हे औषध ठरणार नाही. पिटकातच याचा दाखला आहे. वैशालीत अशुभ भावना करणाऱ्या काही भिक्खूंना स्वतःच्या शरीराची इतकी घृणा वाटली की त्यांनी जीवन संपवले. तेव्हा बुद्धांनी संघाला बोलावून आनापानसती, श्वासाची सजगता शिकवली. किशोरवयीनांच्या शिबिरात श्वास आणि चंकमण एवढे पुरेसे आहे, असे आमचे मत आहे. मुलगा किंवा मुलगी सतत जेवण टाळत असेल, खाऊन मुद्दाम उलटी काढत असेल, आठवडेच्या आठवडे कुणाशी बोलत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे म्हणत असेल, तर ध्यानावर भिस्त ठेवू नये. 14416 हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी जी केंद्रे आहेत त्यांचे नाव आपल्या राज्यात 'मैत्री' असे आहे. नाव आपल्या ओळखीचे, पण तिथे जाणारी मुले फार थोडी.

आता विहाराच्या अंगणाबद्दल. बहुतेक वस्त्यांमध्ये मुलांना मोकळी मिळू शकेल अशी एकच जागा उरली आहे, ती विहाराची किंवा समाजमंदिराची. दोन वंदनांच्या मधल्या वेळेत तिथे कुलूप असते. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत ज्या मुली चार-चार तास नाचतात, त्यांना कुणी अडवत नाही, उलट सगळी वस्ती कौतुकाने पाहते. 15 एप्रिलला त्याच मुली पुन्हा घरात. म्हणजे मुलींच्या शरीराने सार्वजनिक जागेत आनंदाने हालावे, हे आपल्या समाजाला मान्य आहे. फक्त वर्षातून एक दिवस. तो दिवस आठवड्याचे तीन दिवस करता येतो. लंगडी, दोरीच्या उड्या, लेझीम, कबड्डी, यांना सामान जवळजवळ लागत नाही. वजन करायचे नाही, कोण बारीक झाले हे विचारायचे नाही, "खेळलीस तर सुंदर दिसशील" असे तर मुळीच म्हणायचे नाही. दिसण्यासाठी खेळायला लावले की दिसणे बदलत नाही तेव्हा मुले खेळ सोडतात. मजा येते म्हणून खेळणारी टिकतात, हे आम्ही वारंवार पाहिले आहे.

विहार समित्यांशी बोलताना आम्हाला खर्चाचा प्रश्न विचारला जातो. मुलींना आम्ही विचारले, तुम्हाला काय हवे? बॅट किंवा गणवेश कुणीच मागितला नाही. त्यांनी सांगितले: संध्याकाळी सहा ते सात अंगणात दिवा, मोठ्या मुलांनी त्या वेळेत कट्ट्यावर बसू नये, देखरेखीला समितीतली किंवा महिला मंडळातली एखादी ताई, आणि शौचालयाची किल्ली त्या ताईकडे. सध्या ही किल्ली बहुतेक ठिकाणी अध्यक्षांच्या घरी असते.